पंख आणि पंखा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे शाळेच्या परीक्षा, पेपर तपासणी, लग्नसराई, सगळं एकदमच आलं. गेले पाच महिने फोनवर आणि मेलमधे मात्र एकच प्रश्न येतोय, "पोपट पाळलायस म्हणे?" सांगलीच्या मावशीनं तर आवाज खाली आणून विचारलं, "आरं, त्यात पोलिस केस होती न्हवं?" म्हणून म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकावं. लांबलं तर सांभाळून घ्या.

तर पहिली गोष्ट. पोपट आहे, पण आपला राघू नाही. गळ्यात कंठी असलेला हिरवा राघू, जो संध्याकाळी थव्यानं किंचाळत आमच्या गच्चीवरून मक्याच्या रानाकडं जातो, तो पकडणं, विकणं, पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मावशीची भीती खरी होती ती त्याच्याबद्दल. आमच्याकडं आहे तो कॉन्यूर. त्यातही हिरव्या गालांचा, म्हणजे ग्रीन चीक्ड कॉन्यूर. याचं मूळ गाव बोलिव्हिया, पॅराग्वे आणि ब्राझील-अर्जेंटिनाचा लगतचा भाग. आमचा मात्र आपल्याच जिल्ह्यात पिंजऱ्यात जन्मलेला. शेपटीसकट लांबी साधारण २५ सेंटीमीटर, त्यात निम्मी शेपूटच. वजन ६० ते ८० ग्रॅमच्या मधे, म्हणजे कोंबडीच्या एका मोठ्या अंड्याएवढं. पाठ हिरवी, डोकं तपकिरी, छातीवर फिकट खवल्यांसारखी नक्षी आणि शेपटी विटकरी लाल.

याचेही कागद लागतात बरं का. २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवायच्या यादीतले परदेशी प्राणीपक्षी त्यात आले. २०२४च्या नियमांप्रमाणे असा पक्षी ताब्यात आला की ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. पुढं तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, किंवा मेला, तरी कळवायचं. आम्ही सगळं रीतसर केलंय. रेशनकार्डात नाव घालायचं तेवढं राहिलंय. :-)

आता आला कसा? चिरंजीव नववीत आहेत. दोन वर्षं त्यांचं टुमणं चाललं होतं. मी अट घातली, आधी सहा महिने नुसतं वाचायचं, मग बोलायचं. वाटलं होतं महिन्याभरात विसरेल. तो वाचत राहिला आणि त्याच्याबरोबर मीही वाचत गेलो. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला असला विषय मिळाला की सोडवत नाही.

ज्यांच्याकडून घेतला ते म्हणाले होते, "चार आठवड्यांचं पिल्लू न्या सर, हातानं भरवा, लळा लागतो." मी म्हटलं, लळा नंतर लागू दे, आधी त्याला स्वतः खायला येऊ दे. एवढ्या लहान पिल्लाला भरवणं म्हणजे खेळ नव्हे. भरडीची पेज ४० अंशांच्या आसपास गरम लागते. गार झाली तर गळ्याखालच्या पिशवीत तशीच पडून आंबते, जास्त गरम झाली तर ती पिशवी आतून भाजते. ज्यानं शंभर पिल्लं वाढवलीत त्याच्या हातचं काम ते. आम्ही थांबलो. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस, पिल्लू नऊ आठवड्यांचं झालं, मोड आलेले मूग आणि गाजराचा कीस स्वतः खायला लागलं, तेव्हाच घरी आणलं. रात्रीची एक पेज तेवढी राहिली होती, तीही आठवड्यात आपोआप सुटली.

घरात एकच विरोध होता, आईचा. आई ७८ वर्षांची. तिचं म्हणणं दोनच शब्दांत, "पिंजरा नगं." का नको, ते सांगेना. पिंजरा आला तेव्हा तिनं त्याच्याकडं पाठ करून जपमाळ ओढली. पिल्लाकडं बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी ती सोप्यात बसून ठेच्यासाठी मिरच्या निवडत होती. पिल्लू चिरंजीवांच्या हातावरून तुरुतुरु उतरलं, ताटलीपाशी गेलं आणि त्यानं एक लवंगी मिरची पायात धरून कचाकचा खायला सुरुवात केली. आई ओरडली, "आरं घे घे, भाजंल त्येचं त्वांड!" पण त्याला काही झालं नाही. उलट दुसरी उचलली. तिखट लागायला लावणारं जे कॅप्सेसिन असतं, ते आपल्या तोंडातल्या नसांना भाजल्याचा संदेश देतं. पक्ष्यांच्या नसा त्याला दादच देत नाहीत. मिरचीच्या झाडाची ही युक्ती आहे. उंदीर-घुशींनी बिया चावून टाकू नयेत, पण लहान पक्ष्यांनी फळ गिळून बिया लांब नेऊन टाकाव्यात. (पोपट बिया फोडूनच खातो, त्यामुळं झाडाच्या हिशोबात हा फुकटा पाहुणाच.) आणि गंमत बघा, मिरचीचं कूळही मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. पोर्तुगीज आले तेव्हा ती आपल्याकडं आली. म्हणजे आईच्या ताटलीत दोन गाववाले भेटले म्हणायचे.

त्या दिवशी आईनं नाव ठेवलं, लवंगी. नर की मादी ते या जातीत दिसून कळत नाही, पिसाची डीएनए तपासणी करावी लागते. ती आम्ही केली नाही. आई "ती" म्हणते, म्हणून आम्हीही "ती" म्हणतो.

लवंगी आली आणि घरातल्या एकेका वस्तूकडं नव्या नजरेनं बघावं लागलं. पहिला बळी नॉनस्टिक तव्याचा. त्याचा लेप जास्त तापला की जो वायू सुटतो तो आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी त्यानं मिनिटांत दगावतो. पक्ष्याची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत-आकसत नाहीत. अंगभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या भात्यासारख्या चालतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहत राहते. उडायला लागणारा प्राणवायू त्यामुळं मिळतो, आणि विषही तितक्याच सफाईनं आत जातं. बायकोनं तवा माळ्यावर टाकला आणि आईचा बिडाचा तवा पुन्हा गॅसवर आला. आईला त्याचा आनंद झाला, पण तिनं तो दाखवला नाही.

खाण्याचंही तसंच. नुसतं बी खाऊन पक्षी जगतो, पण 'अ' जीवनसत्त्वाला मुकतो. म्हणून लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, ढबू मिरची आणि थोडे तयार दाणे. शेंगदाणा बक्षीस म्हणून एखादाच, तोही आधी फोडून, वास घेऊन. आपल्या भागात पावसाळ्यात शेंगांना बुरशी धरते आणि तिचं विष यकृतात साठतं. चहा, मीठ, चॉकलेट, कांदा, लसूण, अव्हॅकॅडो बंद. (अव्हॅकॅडो हातकणंगल्यात कोण आणतंय म्हणा.) झोप दहा-बारा तास, अंधारात. म्हणून रात्री आठनंतर माडीवर टीव्ही नाही. चिरंजीवांच्या अभ्यासाला जे मला जमलं नव्हतं ते लवंगीनं करून दाखवलं.

हे सगळं सोपं होतं. खरा प्रश्न पंखांचा होता.

इचलकरंजीचा माझा आत्तेभाऊ बऱ्याच वर्षांपासून पक्षी पाळतो. तो बघायला आला आणि आल्या आल्या म्हणाला, "दादा, पंख काप हिचं. दोन मिन्टांचं काम हाय. न्हाईतर एक दिस पंख्यात घावंल, न्हाईतर दार उघडं दिसलं की भुर्रर्र." तो उगाच बोलत नव्हता. त्याचा एक पक्षी पंख्यात गेलाय. ते सांगताना त्याचा आवाज बदलला. मोठा गडी, पण गप्प झाला थोडा वेळ.

पंख कापणं म्हणजे पंख तोडणं नव्हे, हेही सांगायला हवं. टोकाकडची मोठी पिसं ठरावीक लांबीवर कापतात. पूर्ण वाढलेल्या पिसात रक्त नसतं, त्यामुळं नखं कापण्यासारखंच ते, दुखत नाही. पुढच्या पीसगळीत नवी पिसं येतात. म्हणजे कायमचं नुकसान नाही. बाजूचे मुद्दे खरेच होते.

पण माझ्या डोक्यात दुसरी बाजू घोळत होती. लवंगी नऊ आठवड्यांची होती. हे वय म्हणजे आपलं बाळ वर्षाचं होऊन भिंत धरून चालायला लागतं ते वय. याच दिवसांत ती उडायला शिकणार, वळायला शिकणार, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे उतरायला शिकणार. छातीचे स्नायू याच दिवसांत भरणार. आत्ता पिसं कापली तर ती उडी मारणार आणि दगडासारखी छातीवर आपटणार. आणि भीती वाटली की पक्ष्याकडं एकच उपाय असतो, उडून जाणं. तो काढून घेतला की उरतं चावणं. मग आपण म्हणणार, पक्षी चावरा आहे.

त्या रात्री जेवताना हा विषय निघाला. बायको म्हणाली, "पंख्याचं मला खरंच भ्या वाटतं हो." चिरंजीव कापण्याच्या विरोधात, पण त्याच्याकडं कारण नव्हतं, नुसता रडवेला चेहरा. मी दोन्ही बाजू मांडून दाखवल्या, शाळेत मांडतो तशा. आणि मग आई बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

म्हणाली, "तुज्या आज्जीनं राघू पाळलावता. मी लगीन करून आलो तवा व्हता. लई ग्वाड बोलायचा. मामंजी कातरीनं त्येचं पंख कापायचं, दर महिन्याला. म्हनून पिंजऱ्याचं दार उघडंच असायचं. एका दुपारी मी परड्यात जोंधळं पाखडत व्हतो आणि मांजार आलं. माझ्या म्होरं झालं. पळाया बघत व्हता त्यो. पायानं. उडाया येत असतं तर आड्यावर जाऊन बसला असता."

आम्ही कुणीच काही बोललो नाही. आईनं ताटात पाणी घातलं, हात धुतला आणि म्हणाली, "पंख ऱ्हाऊ देत. पंखा काडा."

(आमच्या भागात बायका "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी.)

एका वाक्यात आईनं सगळा प्रश्न फिरवला. आम्ही सगळे विचार करत होतो की या घरात बसण्यासाठी पक्ष्यात काय बदल करावा. आई म्हणत होती, घरात करा. घर आपण मांडलंय, पंखा आपण टांगलाय, ती कुठं मागत होती? दुसऱ्या दिवशी मी माडीवरच्या पंख्याची पाती उतरवली. खिडक्यांना बारीक जाळी ठोकली. जिन्याच्या वरच्या दाराआत जाड पडदा लावला, म्हणजे दार उघडलं तरी मधे एक अडसर राहील. आरशावर जुनी साडी टाकली. सोप्यातल्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून चिरंजीवांनी लाल शाईनं लिहिलं, "लवंगी बाहेर, पंखा बंद." उकाडा लागतो त्यांच्यासाठी खाली ठेवायचा एक पंखा आणला आणि त्याच्या जाळीवर मच्छरदाणीचं कापड शिवलं. वारा निम्मा लागतो.

पिंजरा आहे, पण तो झोपायला आणि आम्ही घरात नसताना. दार लावलेला. आईनं तो स्वीकारला, कारण आता पिंजऱ्याबाहेरही काहीतरी होतं.

पहिले उड्डाण पडद्यावर आदळलं. दुसरं भिंतीवरच्या कॅलेंडरवर. तिसऱ्यांदा चिरंजीवांच्या डोक्यावर. उतरताना शेपटी पसरायची आणि अंग उभं करायचं, म्हणजे वेग मरतो, हे तिला कुणी शिकवलं नाही. आठ दिवस धडपडून तिचं तिला सापडलं. मी वीस वर्षं फळ्यावर विमानाच्या पंखाची आकृती काढतोय. पडद्याच्या दांडीवर बिनचूक उतरलेली लवंगी बघितली आणि आता पुढच्या वर्षी ती आकृती काढताना मला वेगळं वाटणार आहे.

आणखी एक सवय आम्ही पहिल्या दिवसापासून लावून घेतली होती, वजनाची. रोज सकाळी खायच्या आधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवायची, लवंगीला त्यात बसवायचं, आकडा वहीत. चिरंजीवांचं काम ते. ६८, ६८, ६७, ६९, असं चाललं होतं. आई हसायची, "रोज काय वाडतंय व्हय, सोनं हाय का ते?"

जानेवारीत एके दिवशी ६६ आलं. पुढच्या सकाळी ६३. त्याच्या पुढच्या सकाळी ६१. सात ग्रॅम म्हणजे काय, चमचाभर साखर फार तर. पण ६८ ग्रॅमच्या जिवाला ते दहावा हिस्सा झाले. ७० किलोच्या माणसाचे तीन दिवसांत सात किलो जावेत तसं. दिसायला मात्र बाई ठणठणीत. वाटीशी बसायची, दाणे फोडायची. नीट बघितलं तेव्हा कळलं, फोडतेय पण गिळत नाही. टरफलं आणि गर दोन्ही खालीच.

हे त्यांचं असंच असतं. थव्यात जो आजारी दिसतो तो शिकाऱ्याच्या नजरेत पहिला भरतो. त्यामुळं पक्षी शेवटपर्यंत बरं असल्याचं सोंग वठवतो आणि ज्या दिवशी फुगून बसलेला दिसतो, त्या दिवशी फार उशीर झालेला असतो. त्या सकाळी मी शांत बसून पाच मिनिटं बघत राहिलो तेव्हा दिसलं की प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर हलतेय. एवढीशीच.

आमच्या गावात जनावरांचे डॉक्टर आहेत, म्हशी-गाई-शेळ्या बघतात, उत्तम बघतात. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, ह्यातला डोस मला ठरवता येणार नाही, वेळ घालवू नका, कोल्हापूरला जावा." पक्ष्यांचं बघणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबरही त्यांनीच काढून दिला. वीसेक किलोमीटरचा रस्ता, कारखान्यांचा हंगाम, पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. खोका आईच्या मांडीवर, वरून तिची शाल. आई जाईल असं कुणी ठरवलं नव्हतं, ती येऊन गाडीत बसली होती.

डॉक्टरांनी तिला टॉवेलात धरलं ते मान आणि पाय. छातीला हात नाही. म्हणाले, "यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती हलली तरच हवा आत जाते. घट्ट धरलं की गुदमरतात." श्वसनाचा संसर्ग निघाला. दहा दिवसांचं औषध, दिवसातून दोनदा, थेंबांच्या हिशोबात. आणि ऊब, ३० अंशांच्या आसपास, म्हणजे आहे ती ताकद अंग गरम ठेवण्यात जाणार नाही.

उबेसाठी जुना पिवळा बल्ब लागतो, आणि तो मिळेना! सगळीकडं एलईडी, आणि त्याची ऊब ती कसली. शेवटी एका जुन्या दुकानदारानं फळीमागून साठ वॅटचे दोन काढून दिले. "काय सर, कोंबड्या पाळल्या काय?" म्हटलं, तसंच समजा. बल्ब पिंजऱ्याच्या बाहेरून एका कोपऱ्यात, म्हणजे गरम वाटलं तर तिला बाजूला सरकता यावं.

त्या दहा रात्री आई आणि मी पाळीपाळीनं जागलो. मी किती वर्षांनी आईजवळ इतका वेळ बसलो कुणास ठाऊक. फार काही बोललो नाही. ती मधूनच विचारायची, "शेपूट हलतीया का रं?" मी सांगायचो. दुसऱ्या सकाळी देवघरात उदबत्तीचा वास नव्हता. आईनं फक्त तेलाची निरांजन लावली होती आणि उदबत्ती बाहेर तुळशीपाशी. साठ वर्षांची तिची सवय. मी तिला एका शब्दानं सुचवलं नव्हतं, माझी छातीच झाली नसती. नंतर एकदा विचारलं, तर म्हणाली, "देवाला काय, भाईर बी वास येतोय."

चौथ्या दिवशी वजन ६२. मग ६४. दहाव्या दिवशी ६७. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी शाळेतून आलो तर लवंगी पडद्याच्या दांडीवर आणि खाली आई मान वर करून तिच्याशी भांडत होती.

आईचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. २०२५च्या जुलैत नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण, आमच्या भागाची माधुरी, कोर्टाच्या आदेशानं जामनगरच्या वनताराला गेली तेव्हा आई दोन दिवस धड जेवली नव्हती. तीस वर्षांहून जास्त काळ ती हत्तीण मठात होती. तिच्यावर लोकांचं प्रेम होतं यात शंकाच नाही, सगळा भाग रस्त्यावर आला होता. आणि तिच्या दुखण्याचा, एकटेपणाचा मुद्दाही कोर्टापुढं होता. कोण बरोबर हे मी इथं लिहीत नाही, आपल्याच नात्यात त्यावरून दोन तट आहेत. पण तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. आपला जीव त्याच्यावर आहे, हे आपल्याला कळतं. त्याचं बरं चाललंय, हे कसं कळायचं? लवंगीच्या बाबतीत निदान एक वही आहे, आणि त्यात एक आकडा.

काही जण म्हणतील, एवढंच आहे तर सोडून द्या की आकाशात. सुचवलंय एकदोघांनी. पण इथं तिचं कुणी नाही. हातकणंगल्याच्या रानात तिला काय खायचं ते माहीत नाही, कावळा आणि ससाणा माहीत नाहीत, थवा नाही. संध्याकाळी राघू गच्चीवरून जातात तेव्हा ती जाळीशी येऊन ओरडते. त्यांची भाषा वेगळी, ते थांबत नाहीत. मग ती आमच्याकडं वळून तीच हाक देते. जंगलात हे पक्षी एकमेकांना दिसेनासे झाले की अशी हाक घालतात, आणि दुसऱ्यानं ओ दिली की निवांत होतात. दुपारी घरात आई एकटीच असते. खालून तिचा आवाज येतो, "हितंच हाय गं, कुटं जातोय मी."

आणि शेवटचं. हे पक्षी नीट सांभाळले तर २० ते २५ वर्षं जगतात. मी ४९चा. हिशोब तुम्हीच करा. चिरंजीव उद्या शिकायला पुण्याला जातील, परवा आणखी कुठं. आईनं तर स्वतःचा हिशोब करून टाकलाय, "माज्या माघारी तिला मिरची द्यायला इसरू नगा." मी वहीच्या पहिल्या पानावर सगळं लिहून ठेवलंय. खाणं, औषध, डॉक्टरांचा नंबर, नोंदणीचा कागद कुठं आहे ते, आणि आमच्यानंतर तिला कोण घेणार त्याचं नाव. ते नाव आत्तेभावाच्या मुलीचं आहे. ती आता बारा वर्षांची आहे. आत्तेभावाला फोन करून विचारलं तर तो आधी हसला, मग म्हणाला, "पाती उतरवतो की आमच्या बी पंख्याची."

असो. बरंच लांबलं. मे महिन्यात सुट्टीला येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांसाठी काही सूचना, आत्ताच देतो म्हणजे दारात कुणाचा मान-अपमान व्हायला नको:

१. सोप्यातल्या पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही. गेल्या आठवड्यात पारा ३८च्या वर होता. पातळ सुती कपडे आणा.

२. जिन्याचं दार आधी लावायचं, मग पडदा सरकवायचा. दोन्ही एकदम उघडायचे नाहीत.

३. अंगावर सेंट मारून माडीवर जाऊ नये.

४. "बोलतो का?" असं विचारू नका. या जातीचे फारसे बोलत नाहीत. मिरज-कोल्हापूर गाडीच्या भोंग्याला मात्र रोज उत्तर देते.

५. कानातले डूल सांभाळा. गेल्या वेळी काकूंचं एक अजून सापडलेलं नाही.

बाकी आंबे आहेत, उसाचा रस आहे, गच्चीवर झोपायला जागा आहे. या.